ज्या परीक्षेवर काहीच अवलंबून नाही

अमेरिकेतल्या शाळांमध्ये दरवर्षी मार्चच्या आसपास लॅटिन शिकणारी मुलं एक परीक्षा देतात. प्रश्न 40, वेळ 45 मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. तिचं नाव नॅशनल लॅटिन एक्झाम. ती सरकार घेत नाही, कुठलं बोर्डही घेत नाही. तिच्यात कमी गुण पडले म्हणून कोणाचं वर्ष वाया जात नाही आणि ती दिलीच नाही तर कोणी जाब विचारत नाही. तरीही 1977 साली काही हजार मुलांवर सुरू झालेली ही परीक्षा गेल्या दशकात वर्षाला दीड लाखाच्या आसपास मुलं देत होती. ज्या भाषेत आज कोणी बाजारहाट करत नाही, जिच्या जोरावर नोकरी लागत नाही, त्या भाषेची ही परीक्षा.

परीक्षा म्हटलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'उपयोग काय' हा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमधली काही मुलंही शाळेत परकीय भाषा म्हणून लॅटिन घेतात, आणि त्यांच्या आईवडिलांचा प्रश्नही हाच असतो: कॉलेजच्या प्रवेशाला याचं वजन पडतं का? प्रश्न रास्त आहे, मुलाच्या भल्याच्या काळजीतूनच तो येतो. पण माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या परीक्षेवर फारसं काही अवलंबून नाही म्हणूनच ती चांगली आहे. तिला 'वजन' देण्याचा जो जो प्रयत्न होईल तो तिला आतून पोकळ करेल. हे मी लॅटिनबद्दल म्हणतो आहे, आणि महाराष्ट्रात आपण ज्या ऐच्छिक परीक्षा चालवतो त्यांच्याबद्दलही.

ही परीक्षा कुठल्या परिस्थितीत जन्मली ते आधी पाहायला हवं. 1962 साली अमेरिकेच्या सार्वजनिक माध्यमिक शाळांत लॅटिन शिकणारे विद्यार्थी सुमारे 7,02,000 होते. 1976 साली ते 1,50,000 वर आले. चौदा वर्षांत जवळजवळ ऐंशी टक्के मुलं गेली. त्याला एक कारण नव्हतं. 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपलं शिक्षण मागे पडल्याची धास्ती बसली. पुढच्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित आणि आधुनिक भाषांसाठी पैसा ओतला. त्या यादीत लॅटिनला जागा नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चमधली प्रार्थना लोकभाषांत होऊ लागली आणि लॅटिन रोज कानावर पडण्याची सवयही गेली. महाविद्यालयांनी प्रवेशासाठीची जुनी भाषेची अट सैल केली. ज्या मुलांना लॅटिन घ्यावंच लागत होतं त्यांना ते आता घ्यावं लागत नव्हतं, आणि ती निघून गेली.

या आकड्यांतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या सात लाखांतल्या फार मोठ्या हिश्श्याला लॅटिनशी बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे अट होती. अट सुटताच धागा तुटला. म्हणून सक्तीच्या काळातली पटसंख्या पाहून हळहळण्यात अर्थ नाही. त्यानंतर जे शिक्षक उरले त्यांनी काय केलं, ते अधिक महत्त्वाचं.

त्यांनी दोन दिशांनी काम केलं. फिलाडेल्फियासारख्या शहरात गोऱ्या श्रीमंत मुलांपुरतं राहिलेलं लॅटिन प्राथमिक शाळांतल्या सर्वसामान्य घरांतल्या मुलांपर्यंत नेलं, खेळ, चित्रं, गोष्टी आणि शब्दांच्या ओळखीतून. आणि दुसरीकडे, पटसंख्या तळाला गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, ही परीक्षा सुरू केली. अमेरिकन क्लासिकल लीग ही 1919 पासूनची अभिजात भाषांच्या शिक्षकांची संघटना तिच्या मागे उभी राहिली. सरकारी तिजोरीतून पैसा नाही. विद्यार्थ्यामागे थोडी फी, आणि प्रश्न काढणारे वर्गात शिकवणारेच शिक्षक.

आता प्रश्न कसे असतात ते पाहू. नमुना माझा आहे, पण धाटणी तीच. 'कानिस पुएरुम मोर्देत' असं वाक्य दिलेलं आहे. कुत्रा मुलाला चावतो. आता 'कानेम पुएर मोर्देत' म्हटलं तर काय होईल? शब्दांची जागा तीच, पहिला शब्द कुत्र्याचा, दुसरा मुलाचा. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा मुलगा फसतो, कारण इंग्रजीत आधी येतो तो कर्ता. इथे मात्र शेपट्या बदलल्या आहेत, आणि चावणारा आता मुलगा आहे. मराठी किंवा संस्कृत येणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, विभक्ती आपल्या हाडीमासी आहे. पण आयोवातल्या बारा वर्षांच्या मुलीला हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा भाषा नावाच्या यंत्राचं झाकण उघडून आत पाहिल्यासारखं होतं. या एका प्रश्नाने तिला विभक्ती कळली की नाही हे अगदी नीट तपासता येतं.

व्याकरणापाठोपाठ बाकीचं येतं. रोम कुठल्या नदीवर वसलं, ओस्तिया हे कशाचं बंदर, मर्क्युरीच्या पायांत काय असे, 'आक्वा'पासून इंग्रजीत कुठले शब्द आले, रोमन घरातल्या मधल्या चौकाला काय म्हणत. शेवटी एक उतारा आणि त्यावरचे प्रश्न. पातळ्या वेगवेगळ्या: नुकतीच ओळख झालेल्यांसाठी एक, वरच्या वर्गांसाठी गद्य आणि पद्य वेगळं. अभ्यासक्रम जाहीर असतो. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट कोणालाही फुकट मिळतात. घरी शिकणाऱ्या मुलांनाही बसता येतं.

हे शेवटचे दोनतीन मुद्दे वरवर किरकोळ वाटतील, पण माझ्या मते या परीक्षेचं खरं काम तिथेच आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत लॅटिनचा शिक्षक एकटा असतो. गणिताच्या शिक्षकाला बाजूच्या वर्गात दुसरा गणिताचा शिक्षक भेटतो. लॅटिनच्या बाईंना मात्र 'तुमच्या मुलांना तिसऱ्या गटातल्या नामांची रूपं कितपत येतात हो?' असं विचारायला इमारतीत कोणी नसतं. मुख्याध्यापकांना लॅटिन येत नाही. पुढच्या वर्षी विषय बंद करावा का, अशी चर्चा अंदाजपत्रकाच्या बैठकीत होते, तेव्हा बाईंच्या हातात काही तरी हवं असतं. हजारो शाळा तोच पेपर त्याच सुमारास सोडवतात, तेव्हा त्या एकट्या वर्गाला शेजार मिळतो. आपण शिकवतोय ते बाकीच्या जगाशी जुळतंय, हे बाईंना कळतं. आणि मुलांना कळतं की हा वेडेपणा फक्त आपल्याच वर्गात चाललेला नाही.

म्हणजे मोजणी हे या परीक्षेचं दुय्यम काम. पहिलं काम आहे विखुरलेल्यांना एका अंगणात आणण्याचं.

बक्षिसांची पद्धतही याला धरूनच आहे. ठरलेल्या गुणांच्या वर गेलेल्या मुलांना पायऱ्यापायऱ्यांनी प्रशस्तिपत्रं आणि पदकं मिळतात: कुम लाउडे, माग्ना कुम लाउडे, माक्सिमा कुम लाउडे, सुम्मा कुम लाउडे. सुम्माला सोन्याचं पदक. देशात पहिला कोण, दुसरा कोण, हे जाहीर होत नाही. एका वर्गातल्या आठ मुलांना सोन्याचं पदक मिळालं तर आठांनाही मिळतं, एकाचं मिळाल्याने दुसऱ्याचं जात नाही. संयोजक स्वतःच सांगतात की इथे मुलं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत.

इटलीत याच्या अगदी दुसऱ्या टोकाची गोष्ट आहे. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोचं जन्मगाव आर्पिनो इथे 1980 पासून मे महिन्यात एक स्पर्धा भरते. शेवटच्या वर्षांतली निवडक मुलं येतात, सिसेरोचा एक उतारा समोर ठेवला जातो, कित्येक तास बसून त्याचं भाषांतर आणि विवरण लिहायचं. विजेता ठरतो. मला तिचंही कौतुक आहे. ज्या मुलाने पाच-सहा वर्षं लॅटिन मन लावून केलं त्याला कस लावणारी जागा हवीच. पण ती शिखरावरच्यांची परीक्षा आहे. लॅटिन जगवायला पायथ्याशी असलेली, चुकलं तरी चालेल अशी परीक्षा लागते.

आता आक्षेपांकडे. त्यातला सगळ्यात गंभीर आक्षेप लॅटिनच्याच जाणकार शिक्षकांचा आहे आणि मला तो मान्य आहे. चार पर्यायांतून एक निवडणं म्हणजे लॅटिन वाचणं नव्हे. रोमन कवी व्हर्जिलची ओळ वाचताना विशेषण इथे, त्याचं नाम दोन शब्दांनंतर, क्रियापद अजून पुढे, हे सगळं मनात धरून ठेवायचं आणि मग अर्थ उकलायचा. हे कौशल्य गोल काळे करून मोजता येत नाही. काही शिक्षक आता वर्गात लॅटिन बोलतात, मुलांकडून गोष्टी सांगून घेतात. त्यांच्या मुलांना अस्खलित वाचता येतं, पण व्याकरणाच्या संज्ञा विचारल्या की ती अडखळतात. मग त्यांना पदक मिळत नाही आणि घोकणाऱ्याला मिळतं. वाचन तपासणाऱ्या वेगळ्या, संगणकावरच्या चाचण्या यातूनच पुढे आल्या.

आक्षेप खरा आहे. पण त्याचा निष्कर्ष काय काढायचा? मोजपट्टी थोडी वाकडी असेल आणि तिच्यावर कोणाचंच भवितव्य ठरत नसेल, तर तिचा वाकडेपणा सोसता येतो. शिक्षक हसून म्हणू शकतो, 'तुझा पेपर चुकला, पण परवा तू ओव्हिडची गोष्ट किती छान सांगितलीस.' पण त्याच पट्टीवर कॉलेजप्रवेश, शिष्यवृत्ती, शिक्षकाची पगारवाढ टांगली, की तोच वाकडेपणा अन्याय होतो. मग शिक्षकाला गोष्टी सांगत बसणं परवडत नाही. त्याला विभक्तीचे तक्तेच पाठ करून घ्यावे लागतात, कारण पेपरात तेच येतं. म्हणून ज्यांना बहुपर्यायी प्रश्नांचा राग आहे त्यांनी आधी या परीक्षेवरचा भार वाढणार नाही हे पाहावं. प्रश्नांचं स्वरूप सावकाश सुधारता येईल. एकदा भार चढला की तो कोणी उतरवत नाही.

याच संदर्भात मला या परीक्षेच्याही एका गोष्टीची काळजी वाटते. वरच्या पातळ्यांवर सोन्याचं पदक मिळवणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना लॅटिन किंवा प्राचीन ग्रीक पुढे शिकण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. हेतू चांगला आहे, पुढे या भाषा घेणाराच तो अर्ज करणार. पण त्या वाटेने आणखी पुढे जाऊ नये. तशीच दुसरी गोष्ट: 'ऐच्छिक' कोणासाठी? अनेक शाळांत शिक्षक सरसकट सगळ्या वर्गाला बसवतात. शाळेने ऐच्छिक म्हणून स्वीकारलेली गोष्ट मुलासाठी सक्तीची होते. ज्याला नको आहे त्याला त्या दिवशी वर्गात शांतपणे दुसरं काही वाचू द्यावं, असं मी म्हणेन. आणि या गुणांचा वर्गातल्या श्रेणीशी काडीचाही संबंध ठेवू नये.

दुसरा आक्षेप वर्गाचा आहे. लॅटिन म्हणजे श्रीमंतांचा छंद, मग त्याच्या परीक्षेचं कौतुक कशाला? हा आक्षेप ब्रिटनमध्ये अधिक टोकदार आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या 2020 च्या पाहणीत इंग्लंडमधल्या खाजगी शाळांपैकी जवळजवळ निम्म्या शाळांत लहान वयाच्या वर्गांना लॅटिन शिकवलं जात होतं, सरकारी शाळांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. ही दरी बुजवायला सरकारने 2021 मध्ये 40 लाख पौंडांची योजना जाहीर केली, 40 सरकारी शाळांसाठी. पुढे सरकार बदललं आणि 2025 च्या फेब्रुवारीत, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना, योजनेचा पैसा थांबला. सार्वजनिक परीक्षेसाठी लॅटिन घेतलेल्या मुलांचा अभ्यास मध्येच अडचणीत आला. सरकारने अभिजात भाषेवर पैसा खर्च करू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. करायलाच हवा. पण ज्या गोष्टीचा श्वास एका मंत्र्याच्या सहीवर चालतो ती एका सहीने थांबते. शिक्षकांनी उभी केलेली, थोड्या फीवर चालणारी परीक्षा अशी एका दिवसात बंद पाडता येत नाही. दरी बुजवायची तर तीच परीक्षा गरीब शाळांना फी न घेता द्यावी आणि फीचा भार सधन शाळांनी उचलावा. त्यासाठी फार पैसा लागत नाही.

दाराशी कोणाला थांबवलं जातं, हा प्रश्न आपल्याला परका नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवलं. अभिजात भाषा कोणाची, हे शाळा ठरवते तेव्हा काय होतं, याचा याहून मोठा पुरावा नको. त्या भाषेच्या परीक्षेला जात, पैसा, शाळा न पाहता कोणालाही बसता येणं, मग तो घरीच शिकलेला का असेना, ही म्हणूनच मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आणि इथूनच मी महाराष्ट्राकडे वळतो, कारण ऐच्छिक परीक्षांची परंपरा आपल्याकडे अमेरिकेहून समृद्ध आहे. पुण्यातल्या राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्या परीक्षा, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या संगीताच्या परीक्षा, भारतीय विद्या भवनच्या सरल संस्कृतच्या बालबोध, प्रारंभ, प्रवेश अशा पायऱ्या. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर वर्गात थांबून या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी आपल्या कित्येक पिढ्यांना एखाद्या विषयाचं वेड लावलं. त्यातल्या बहुतेकांना त्यासाठी वेगळा पैसा मिळाला नाही.

भार चढल्यावर काय होतं याचा धडाही आपल्याकडेच आहे. शासकीय रेखाकला परीक्षा घ्या, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन: मुलाने पाहावं, आठवावं, हात चालवावा यासाठीची ही सुंदर परीक्षा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले आणि परीक्षेला बसणाऱ्यांची रीघ लागली. या गुणांमुळे अनेक शाळांत चित्रकलेच्या तासाला किंमत आली, कलाशिक्षकाच्या पदाला आधार मिळाला, हे मी नाकारत नाही. पण स्मरणचित्राचं काय झालं? बाजार, बसथांबा, नळावरची गर्दी अशी ठरावीक दृश्यं आणि त्यांतल्या माणसांच्या ठरावीक उभ्या-बसलेल्या आकृती घोटून घेतल्या जातात. विषय कुठलाही येवो, तीच माणसं कागदावर उतरतात. स्मरणातून काढायचं चित्र पाठांतरातून निघू लागलं. मुलांचा यात दोष नाही, शिक्षकांचाही फारसा नाही. गुणांसाठी काढलेलं चित्र असंच निघणार. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेभोवतीही असंच झालं. शिक्षकांनी कुतूहलासाठी उभं केलेलं काम, त्यात प्रात्यक्षिक आणि प्रकल्प यांना मानाची जागा, आणि तरी तिच्या नावावर महागडे क्लास उभे राहिले, कारण त्या पदकाचा दबदबा इतका वाढला.

संस्कृतची गत शाळेत याहून सूक्ष्म आहे. दहावीला संस्कृत घेणाऱ्यांत मोठा वाटा 'स्कोअरिंग' म्हणून घेणाऱ्यांचा असतो. शंभरपैकी शंभर पडतात, टक्केवारी वर जाते, आणि अकरावीला विज्ञान घेतलं की त्यातल्या बहुतेकांचं संस्कृत संपतं. पाठ केलेली रूपं दोन वर्षांत पुसली जातात. 1962 नंतर अमेरिकेत जे झालं ते आपल्याकडे दर जून महिन्यात होतं, तीन वर्षं शिकलेली एक अख्खी तुकडी एका प्रवेशअर्जाबरोबर निघून जाते. गुण ही इथली अट आहे. ती सुटली की धागा तुटतो.

मग जेव्हा सूचना येते की संस्कृतच्या ऐच्छिक परीक्षांनाही दहावीत वाढीव गुण द्या, म्हणजे मुलं वाढतील, तेव्हा मी ठामपणे नाही म्हणतो. मुलं वाढतील, हे खरं. पण शाळेच्या संस्कृतला जे झालं आहे तेच या परीक्षांना होईल, आणि अकरावीनंतरही संस्कृत वाचू इच्छिणाऱ्या मुलाला उरलेली एकमेव मोकळी जागा जाईल.

घ्यायचंच असेल तर लॅटिनवाल्यांकडून दुसरं काही घ्यावं. मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट खुल्या कराव्यात, म्हणजे गडचिरोलीतल्या मुलालाही पुण्यातल्या मुलाइतकीच तयारी करता येईल. शाळेच्या शिक्क्याशिवाय अर्ज स्वीकारावा, म्हणजे बी.कॉम. करणारी मुलगी आणि निवृत्त टपाल कर्मचारी दोघंही बसू शकतील. प्रश्नपत्रिकेत न वाचलेला उतारा असावा, पाठ्यपुस्तकाबाहेरचा, हितोपदेशातल्या एखाद्या गोष्टीसारखा सोपा, आणि त्यावर दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगावीत. पेपर तपासणाऱ्याने गुणांखाली एक ओळ लिहावी: पुढे काय वाचावं. हे सगळं आहे त्या संस्थांना, आहे त्या शिक्षकांच्या बळावर येत्या वर्षी सुरू करता येईल. शासनाकडे मागायचं असेल तर एकच मागावं, की ज्या शाळेत संस्कृतचा शिक्षक एकटाच आहे तिथल्या मुलांची फी शासनाने भरावी, आणि निकाल कुठल्याही गुणपत्रिकेत टाकू नये.